कालचं सूप

बुधवार, ६ तारीख

ती. मावशीस सा. न.

तुझ्या संशोधनासाठी आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमधला मेनूचा फळा रोज उतरवून पाठव म्हणालीस, म्हणून पाठवतेय. शाळा सोडल्यापासून एवढं लिहिलं नव्हतं. चुका काढू नकोस, तुझ्या कॉलेजातली पोरगी नाही मी.

फळा मीच लिहिते. आचारीकाका म्हणतात, हिला तोंड नाही, खडू आहे. सोमवारचं सूप उरलं होतं. मंगळवारी मी लिहिलं, "सूप कालचं आहे. आज मीठ बरोबर पडलंय." कारखान्यातली माणसं वाचून हसली आणि दीडच्या आत पातेलं रिकामं! मॅनेजरसाहेब मात्र भडकले. यापुढे उरलेल्यालाही ताजं लिही म्हणाले. मी नुसती मान हलवली. हो की नाही, ते त्यांना कळलं नाही.

आई बरी आहे. लोभ ठेव, हसू नकोस.

तुझी घुमी

सोमवार, ११ तारीख

चि. घुमीस अनेक आशीर्वाद.

तुझा फळा वर्गात वाचून दाखवला. खाण्याबद्दल कोण कुठल्या शब्दांनी आपल्याला पटवतं, तेच तर मी शिकवते. पोरांनी टाळ्या वाजवल्या! माझ्या लेखात तो पहिल्याच पानावर जाणार.

पण बाळा, साहेबांशी वाकडं घेऊ नकोस. ही नोकरी किती खेटे घालून मिळाली, तुझ्या आईला विचार. ताजं, एवढासा शब्द. लिहून टाक. माझ्याकडे खणभर मेनूकार्डं आहेत, त्या शब्दावाचून एक नाही.

जपून राहा, आणि मावशीवर जीव असू दे.

मावशी

शुक्रवार, १५ तारीख

ती. मावशीस नमस्कार. साष्टांग आज नाही, राग आलाय.

वर्गात माझ्या फळ्याला टाळ्या, आणि पत्रात मला ताजं लिही? तू नक्की काय शिकवतेस गं? तुझी पोरं परीक्षा देऊन घरी जातात. इथली माणसं आठ तास मशीनवर उभी असतात. एका काकांचं पोट नाजूक आहे, ते आधी फळा बघतात, मग रांगेत लागतात. त्यांना खोटं लिहू? नाही लिहिणार जा.

लेखातून माझा फळा काढ. नाहीतर त्याच्याखाली तुझं हे पत्रपण छाप.

रागातही लोभ आहेच, काय करू.

घुमी

बुधवार, २० तारीख

चि. घुमीस आशीर्वाद.

तुला न विचारता तुझं रागाचं पत्र आणि माझ्या पत्राची ठेवलेली नक्कल, दोन्ही वर्गात वाचली. त्याबद्दलही रागव. टाळ्या नाही वाजल्या. मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, मॅडम, तुमचं म्हणणं कुठलं खरं?

तू म्हणशील तर दोन्ही पत्रं छापीन. तुझं एक अक्षर बदलणार नाही. साहेबांनी काय केलं, लगेच कळव. जीव टांगणीला लागलाय.

तुझीच, खजील मावशी

सोमवार, २५ तारीख

ती. मावशीस सा. न.

छाप. दोन्ही छाप.

साहेबांनी मला भांडी घासायला लावलंय. फळा आता ते लिहितात, सगळंच ताजं. पहिल्याच दिवशी रांगेतली पुढची बाई खिडकीतून वाकली आणि तिने मला विचारलं, पोरी, आज कालचं काय आहे? साहेब शेजारीच उभे. भाजी म्हटलं, पण अगदी पुटपुटत. तिने परत विचारलं. मग मी ओरडलेच, भाजी कालची आहे! शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

आता रोज विचारतात. रोज सांगते. काढतील तेव्हा काढतील.

लोभ वाढव, मी काही कमी करत नाही.

तुझी घुमी