बाबांचं एकविसावं पान

३ मार्च, मंगळवार

आईने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहे. बाबांचं होड्यांच्या खेळातलं खातं दहा दिवसांत कायमचं बंद होणार!

झालं असं. बाबा चार वर्षं संगणकावर तो खेळ खेळत. एक मोठी नदी, एक बंदर, आणि ते बंदर मिळून चालवणारी सहा अनोळखी माणसं, कोण कुठली. खेळात बाबांचं नाव ‘सुकाणू’. बाकीचे त्यांना आजोबा म्हणत. बाबा जाऊन आठ महिने झाले, पण सुकाणू गेलाच नाही. रोज चारचा चहा झाला की आई बाबांच्या खुर्चीत बसते, त्यांचाच चष्मा लावते आणि सुकाणू होऊन होड्या सोडते. तिकडे कोणाला पत्ता नाही. मला होता. मी गप्प बसले.

गेल्या आठवड्यात पासवर्डची चिठ्ठी हरवली. तर या बाईंनी कंपनीला रीतसर अर्ज धाडला— ‘हे खातं माझ्या दिवंगत पतींचं आहे. आठ महिने त्यांच्या नावाने मीच खेळते आहे. कृपया नवा पासवर्ड द्यावा.’

आज उत्तर आलं. खेळाडू-आचरण करार, कलम नऊ. खातं फक्त खातेदाराने वापरायचं. खातेदाराच्या मृत्यूनंतर ते कोणाकडेही जात नाही. आपले काही म्हणणे असल्यास कळवावे.

“अगं आई, एवढं सगळं कशाला लिहिलंस?”

“मग काय खोटं लिहू?”

४ मार्च

आईला घास गिळवत नाही. सकाळी फोनवर हळूच विचारते, “पोलीस येतात का गं अशाला?”

मी हसले. फोन ठेवल्यावर वाटलं— मला तरी कुठे ठाऊक आहे?

दुकानात आज सात जणांनी चष्म्याच्या ऑर्डरवर सह्या केल्या. खाली बारीक अक्षरात नऊ अटी आहेत. एकानेही वाचल्या नाहीत. आणि मी, अकरा वर्षं तो कागद लोकांपुढे सरकवणारी, मीही नाही!

५ मार्च

खरी गोम आज कळली. आईचं दुखणं वेगळंच आहे.

बाबांची चौतीस वर्षं दस्तनोंदणीच्या कचेरीत गेली. न वाचता सही करून राहतं घर घालवलेली माणसं त्यांनी टेबलापलीकडे रडताना पाहिलेली. म्हणून घरात एकच नियम— वाचल्याशिवाय सही नाही. गॅसच्या कागदावरसुद्धा! गॅसवाला बिचारा दारात तिष्ठत उभा.

तर त्या खेळाचा करारही बाबांनी छापून आणला. अडतीस पानं. लाल पेन घेऊन बसले. आठवडा झाला तरी सहावंच पान, आणि ‘मला मान्य आहे’ची चौकट भरल्याशिवाय खेळ काही पुढे सरकेना. शेवटी एकदा बाबा आंघोळीला गेले असताना आईनेच तिथली माहिती भरून टिक करून टाकलं. “आपोआप सुरू झालं वाटतं,” म्हणाली त्यांना. बाबांनी मान हलवली आणि होडी सोडली.

पुढे कोणी चिडवलं— बाबा, वाचन कुठवर आलं?— की उत्तर ठरलेलं. “एकविसावं पान.” चार वर्षं एकविसावंच! आमच्या घरातला जुना विनोद.

आज आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, “मी त्यांची खोटी सही केली गं. सबंध जन्म ज्या माणसाने न वाचता सही केली नाही, त्याची. आणि त्यांना कधी सांगितलंही नाही.”

मी पुढे झाले. तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उगाचच ओटा पुसत राहिले.

ती छापील फाइल कपाटात आहे. आई उघडत नाही. “अर्धं राहिलेलं वाचन ते. बघवत नाही.”

६ मार्च

इथे खोटं लिहून काय मिळवायचं? मी गप्प बसले ते आईसाठी नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी फोनवर ती नदी उघडून बघायची (नुसतं बघायला खातं लागत नाही). सुकाणूची होडी हलताना दिसली की बरं वाटायचं. वल्हवणारी आई आहे हे ठाऊक असूनही.

७ मार्च, शनिवार

वकीलवहिनी आली! दादाची बायको— घरात वकील असताना आम्ही चार दिवस कुढत बसलो, म्हणून आल्या आल्या आधी मलाच झापलं.

मग आईकडे वळली. “आई, तुम्ही खून नाही केलात. खेळ खेळलात.”

“पण करार मोडला ना?”

“मोडला असं धरू. टिक केलं की करार झाला, वाचलेला असो नसो, हे खरं. पण करार मोडणं म्हणजे गुन्हा नव्हे. ते फार तर खेळातून बाहेर काढतील. पोलिसांना बाकी कामं आहेत.” पुढे म्हणाली, करारात छापलं म्हणून सगळंच कोर्टात टिकतं असंही नाही, पण घराबाहेर कोणाला ठेवायचं एवढं तर घरमालक ठरवणारच.

आईचा चेहरा तसाच. तेव्हा वहिनीने सहज विचारलं, “टिक करताना नाव कोणाचं घातलंत?”

“माझंच की.”

“आणि जन्मतारीख?”

“माझीच. त्यांना न विचारता त्यांचं नाव कसं घालणार? भलतंच!”

वहिनीने चहाचा कप खाली ठेवला. “आई! मग करार तुमचाच आहे! खातेदार तुम्ही. जिवंत, ठणठणीत, माझ्यासमोर बसलेल्या! खोटी सही कुठली? तुमची खरी सही आहे ती. चार वर्षं बाबाच तुमच्या खात्यात पाहुणे होते.”

“पण कंपनीने पत्रात—”

“त्यांनी तुमचा अर्ज वाचला, खात्यावरचं नाव नाही वाचलं. तेही आपल्यासारखेच!”

“म्हणजे कलम नऊ...”

“बाबांनी मोडलं. गुन्हेगार ते. जा, पकडा आता!”

आणि आई हसली. आधी नाकातल्या नाकात, मग पदर तोंडाला लावून, मग डोळ्यांतून पाणी. आठ महिन्यांनी! मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडला.

वहिनीने तिथेच बसून चार ओळींचं उत्तर लिहिलं. आईने ते तीनदा वाचलं. मग पाठवलं.

८ मार्च

उत्तर नाही. रविवार. आई मात्र दोन पोळ्या जास्त जेवली.

११ मार्च, बुधवार

खातं उघडलं! ‘गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत.’ नवा पासवर्ड आईने तीन चिठ्ठ्यांवर लिहिला. एक माझ्या पर्समध्ये.

मग तिने बंदरावरच्या सगळ्यांना लिहिलं— आजोबा आठ महिन्यांपूर्वी गेले. तेव्हापासून मी आहे. त्यांची बायको.

सगळ्या होड्या धक्क्याला येऊन थांबल्या. मग एकाने लिहिलं, “आजी, आजोबा होडी लावताना घाट नेहमी चुकवायचे. तुम्ही नाही चुकवत.”

“अस्सं? मला तर सांगायचे, सगळे माझ्यावाचून अडतात म्हणून!” आई संगणकाकडे बघून बाबांवर चिडली. किती छान चिडली!

१२ मार्च

आई आपणहून दुकानात आली. “डोकं दुखतं हल्ली. माझ्या नंबरचा कर बाई एक.” बाबांचा चष्मा तिने डबीत घालून ठेवला आहे. मी तिला अक्षरांच्या पाटीसमोर बसवलं, हनुवटी धरून चौकट सरळ केली. ऑर्डरचा कागद पुढे केला तर म्हणते, “थांब. वाचू दे आधी.”

नऊच्या नऊ अटी वाचल्या! मागे तीन गिऱ्हाइकं उभी.

१५ मार्च, रविवार

नवा चष्मा लावून आईनेच ती फाइल काढली. लाल खुणा एकविसाव्या पानावर थांबत नाहीत. पार अडतीसपर्यंत आहेत. एकतिसाव्या पानावर, कलम नऊच्या समासात, बाबांचं बारीक अक्षर. तारीख पावणेपाच वर्षांपूर्वीची, खेळ सुरू झाला त्याच महिन्यातली—

‘टिक हिनेच केलं आहे. असू दे. खातं हिच्याच नावावर राहावं, माझ्यामागे बंद पडणार नाही. कोणी विचारलं तर— एकविसावं पान.’