बोटीचं तिकीट कधी काढायचं

पेण, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार नंतर करतो, आधी एक तक्रार गुदरायची आहे. आपल्या बोटीच्या सहलीसाठी तू मोबाइलवर जो ग्रुप काढलास, त्याचं नाव ‘समुद्रवीर’ ठेवलंस हे एक वेळ पोटात घालतो. पण त्यावर माझा जो फोटो लावलास तो तुझ्या नातीच्या, मनस्वीच्या बारशातला, ज्यात माझ्या तोंडात अख्खा लाडू आहे. संस्कृत शिकवून पोट भरणाऱ्या गरीब मास्तराची एवढी विटंबना पुराणांतसुद्धा वाचलेली नाही. फोटो उतरवावा ही विनंती. आता मुद्द्याकडे वळतो.

मुद्दा तोच, तिकिटं कधी काढायची? त्या रितेशवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. एस.टी. स्टँडासमोर काचेचं ऑफिस थाटून बसलेला हा गृहस्थ दर खेपेला म्हणतो, “सर, शेवटच्या दोनच केबिन उरल्यात.” वैशाखात दोन होत्या, आषाढातही दोनच आहेत. द्रौपदीच्या थाळीनंतर असं काही मी प्रथमच पाहतोय. त्यात मी भाव विचारला की वाढतो, आमच्या सौ. प्रणिताने विचारला की उतरतो. आपल्या शास्त्रकारांनी समुद्रप्रवास निषिद्ध ठरवला तो धर्म बुडेल म्हणून, असं मी वर्गात सांगत आलो. आता वाटतं, त्यांनीही कुठेतरी तिकिटाची चौकशी केली असावी.

रितेशचं म्हणणं असं, की आत्ता पैसे भरले तर दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना शेजारशेजारच्या खोल्या. थांबलो तर शेवटच्या आठवड्यात रिकाम्या उरलेल्या स्वस्तात मिळतील, पण एक भाऊ वरच्या मजल्यावर आणि दुसरा इंजिनापाशी. तुझा कौल थांबण्याकडे होता, आणि बाजारभावाच्या बाबतीत तुझा शब्द मी कधी मोडलेला नाही. रोह्याच्या बाजारात कोणत्या साली वाल काय दराने गेले हे तुला तोंडपाठ. तुझ्या कंपनीतली माणसं शिफ्ट सुटली की तुला विचारून फ्रिज घ्यायला जायची.

पण महिनाभर मला तुझाच संशय येतोय. एका सोमवारी तुझा फोन आला, “श्रीकर, मी एक शोध लावलाय. शेवटच्या आठवड्यात निम्मा भाव!” मी बरं म्हटलं. गुरुवारी पुन्हा तोच शोध, त्याच उत्साहाने. “इंजिनापाशी तू झोप, तुझ्या घोरण्याला सोबत होईल,” हा विनोदही तोच, आणि हसायला थांबलास तेही तिथेच. पुढच्या रविवारी परत. मी ठरवून टाकलं, दादाला आमच्याबरोबर यायचं नाहीये आणि तोंडावर सांगवत नाही. प्रणिता म्हणाली, “उगाच वाकड्यात शिरू नका.” मी शिरलो.

परवा जोह्याला गुणाजीच्या कारखान्यात गेलो, आपल्या गणपतीचं काम कुठवर आलंय बघायला. त्याने मला बाकावर बसवलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “सर, रागवू नका, पन वाटन्या झाल्या काय तुमच्या?” मी म्हटलं, का रे बाबा? तर म्हणाला, “दादांनी दोन पाट दिलेत. दोन घरं, दोन गनपती, असंच ना?” फळीवर दोन्ही पाट होते. एक आपला नेहमीचा, ज्याच्यावर दर वर्षी मूर्ती बसते आणि रोह्याला येते. दुसरा नूतनवहिनींचा जेवणाचा, कोपरा जळालेला. खोटं कशाला बोलू, मला सणकून राग आला. मी पेणला आलो तेव्हा चूल वेगळी झाली, पण गणपती एकच राहील असं आपलं ठरलं होतं. आणि तू मला न विचारता दुसरा पाट दिलास! बोटीची चालढकल कशासाठी, तेही एकदम उलगडल्यासारखं वाटलं. मी चपला घालत होतो, तेवढ्यात गुणाजी बाहेर आला.

“दुसऱ्या टायमाला आले तवा मी बोललो, दादा, पाट दिलाय तुमी. तर हसले. मस्करी करतोस काय, म्हनाले.” मग जरा थांबून म्हणाला, “आनि सर, माझा बाप कसा हाय म्हनून इचारलं. बाप जाऊन वरीस झाला. दादा आले होते की तवा, मसनवटीपरेंत.”

माझा राग कुठे गेला कळलं नाही. नेहमीच्या पाटावर एकच मूर्ती कर, एवढं त्याला सांगितलं आणि वहिनींचा पाट काखेत मारून एस.टी.त बसलो. त्या घरभर शोधत असतील. कामवालीला कुणी काही बोलू नका.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू हसला असतास, मीही हसलो असतो, आणि विषय तिथेच मिटला असता. पत्र तुझ्यापाशी राहील, पुन्हा काढून वाचता येईल, म्हणून लिहिलं. काल रितेशकडून दिवाळीतल्या शेजारशेजारच्या खोल्या घेतल्या, त्याने मागितला त्या भावाने. पुढच्या मंगळवारी मी रोह्याला येतोय. वहिनींशी बोलू आणि पनवेलला डॉक्टरांकडे जाऊ. तू चिडशील, चीड. भाव कदाचित खरंच उतरेल, तुझा अंदाज सहसा चुकत नाही. पण मला भीती वाटते, दादा. स्वस्त तिकिटाची वाट बघण्यात दिवस गेले, आणि बोटीच्या कठड्याशी माझ्या शेजारी उभा राहून तू मलाच विचारलंस, “तुम्ही कुठले?”, तर मी काय सांगू?

तुझाच धाकटा,
श्रीकर