एक मॉप रुग्णालयास परत करण्याबाबत

प्रति,
मा. अपील अधिकारी,
वैद्यकीय मान्यता अपील कक्ष,
दुसरा मजला, खोली क्र. ९.

विषय : मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करण्याची मान्यता नाकारल्याविरुद्ध अपील, तसेच सोबत जोडलेल्या एका मॉपचा मालक ठरवून मिळण्याबाबत.

संदर्भ : रुग्णालयाच्या मान्यता समितीची पत्रे, जा. क्र. ३१२ व ३१८. (दोन्ही एकाच दिवसाची, दोन्हींवर अध्यक्षांचीच सही.)

महोदय,

१. अर्जदार ही पोटाची शल्यचिकित्सक असून एकोणीस वर्षे हेच काम करीत आहे. तिचे स्वतःचे शुश्रूषागृह आहे. तेथे एक टेबल, सहा खाटा आणि मनात आले तर चालणारा एक जनरेटर आहे. अतिदक्षता विभाग नाही. म्हणून जोखमीच्या रुग्णांसाठी तिने मोठ्या रुग्णालयात रीतसर मान्यता मागितली. समितीने महिनाभर तिचे काम पाहिले आणि मान्यता नाकारली.

२. पत्र क्र. ३१२ मधील कारण असे : ‘अर्जदार पोट शिवण्यापूर्वी मॉप तीनदा मोजते, तेही मोठ्याने. त्यामुळे ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या सचोटीवर संशय घेतल्यासारखे वातावरण निर्माण होते.’ मॉप म्हणजे शस्त्रक्रियेत रक्त टिपण्यासाठी पोटात ठेवायचा वीतभर कापडी तुकडा. तो बाहेर काढायचा असतो. पहिल्याच दिवशी तेथील परिचारिकेने अर्जदारास बाजूला घेऊन सांगितले, “मॅडम, हळू मोजा हो. सर तर नुसत्या नजरेने मोजतात.” सर म्हणजे समितीचे अध्यक्ष. त्यांच्या नजरेबद्दल पुढे येईलच.

३. हे कारण अर्जदारास पूर्णपणे मान्य आहे. ती मोजते, मोठ्याने मोजते, कारण तिला भीती वाटते. एकोणीस वर्षांत ही भीती गेलेली नाही आणि ती जाऊ नये, अशीच तिची इच्छा आहे.

४. पत्र क्र. ३१८ मधील कारण असे, की अर्जदाराने ‘रुग्णालयाची मालमत्ता, मॉप एक नग, स्वतःजवळ बाळगली आहे.’ हा नग तिच्याकडे कसा आला, हे सांगणे भाग आहे. सदर रुग्णालयाचे भांडारपाल, म्हणजे कापूस, सुया, मॉप यांचा साठा सांभाळणारे गृहस्थ, यांच्या आतड्यावर अध्यक्षांनी गेल्या वर्षी शस्त्रक्रिया केली. त्यानंतर सात महिने त्यांना ताप येत राहिला. ते तीन वेळा दाखवायला गेले आणि तिन्ही वेळा ‘गॅस झालाय’ असे ऐकून परत आले. शेवटी त्यांची थोरली बहीण त्यांना हाताला धरून अर्जदाराकडे घेऊन आली. म्हणाली, “सात महिने गॅस? अहो, एवढ्यात शेगडी पेटली असती.” अर्जदाराने पोट उघडले. आत मॉप होता. त्याच्या कोपऱ्यावर रुग्णालयाचा निळा शिक्का होता आणि तो सात महिन्यांनंतरही स्वच्छ वाचता येत होता. शाई खरेदी करणाऱ्यांचे अर्जदार मनापासून अभिनंदन करते.

५. अर्जदाराने ही गोष्ट रुग्णालयास कळविली, तेव्हा अध्यक्षांनी कानांवर हात ठेवले. क्र. ३१२ च्या शेवटच्या परिच्छेदात ते म्हणतात, की मॉपच्या नोंदवहीत भांडारपालांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी ‘दिले चोवीस, परत चोवीस’ असे आहे, सबब सदर मॉप आमचा नाही. क्र. ३१८ म्हणते, की मॉप आमचाच, तो परत करा. सकाळी नसलेला मॉप संध्याकाळपर्यंत त्यांचा कसा झाला, याचा खुलासा व्हावा.

६. राहता राहिली नोंदवही. त्या नोंदीखाली सही आहे ती भांडारपालांचीच. आजारी रजेवरून परतल्यावर त्यांनी साठलेल्या सगळ्या नोंदींवर एका बैठकीत सह्या केल्या. ‘परत चोवीस’ खाली सही करताना चोविसावा नग त्यांच्या पोटात होता. हे कळल्यापासून त्यांना आजारापेक्षा नोंदवहीचीच काळजी लागली आहे. ते अर्जदारास म्हणाले, “मॅडम, पंचवीस वर्षांत माझ्या भांडारातली सुई इकडची तिकडे झाली नाही. आणि एकच नग हरवला, तो मीच घेऊन फिरत होतो.” त्यांनी दुरुस्तीसाठी अर्ज दिला. दुरुस्तीस अध्यक्षांची मंजुरी लागते. मंजुरी मिळालेली नाही.

७. आता मुख्य मुद्दा. खराब झालेला भाग कापून अर्जदाराने भांडारपालांच्या आतड्याचे तोंड तात्पुरते पोटावर काढून ठेवले आहे. ते पुन्हा आत जोडायचे आहे. त्यांचे हृदय कमकुवत आहे; मॉप काढताना थांबायला वेळच नव्हता, पण आता अतिदक्षता विभागाशिवाय हे करणे म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळणे होईल. हा विभाग मोठ्या रुग्णालयात आहे आणि तेथे अर्जदारास दार बंद आहे. अध्यक्षांनी उदारपणे निरोप पाठविला, की ही शस्त्रक्रिया ते स्वतः करतील, ‘आतली माहिती असल्यामुळे’. भांडारपालांनी तो निरोप ऐकून दोन दिवस जेवण सोडले. त्यांच्या बहिणीने काय उत्तर दिले, ते अर्जात लिहिता येण्यासारखे नाही.

८. ज्यांच्या हातून चूक झाली, त्यांनीच ती दाखविणाऱ्याचा न्याय करावा, हे नैसर्गिक न्यायाच्या कोणत्याही तत्त्वात बसत नाही. सबब समितीचा निर्णय रद्द व्हावा. तो विचार लांबणार असल्यास निदान या एका रुग्णापुरती, एका दिवसाची मान्यता तातडीने मिळावी. अर्जदार त्या दिवशीही मोठ्याने मोजेल. भांडारपालांची संमतीपत्रातील अट तीच आहे.

आपली,
मोजणी पूर्ण होईपर्यंत टेबलापासून न हलणारी,
(सही)
अर्जदार शल्यचिकित्सक
दिनांक : ११ मार्च

सोबत :
(१) पत्र क्र. ३१२ व ३१८ च्या प्रती.
(२) नोंदवहीच्या पानाची प्रत.
(३) भांडारपालांचे संमतीपत्र, हा सर्व मजकूर आपल्यासमोर मांडण्याच्या लेखी परवानगीसह.
(४) मॉप, एक नग, धुऊन निर्जंतुक केलेला. तो रुग्णालयाचा ठरल्यास कृपया त्यांच्याकडे पोचवावा आणि पोच भांडारपालांच्या नावे घ्यावी. म्हणजे ‘दिले चोवीस, परत चोवीस’ ही त्यांची नोंद खरी होईल आणि ते दोन घास खातील.