निफाड गाडीचा ग्रुप

अंबड, नाशिक
शुक्रवार

प्रिय वेदिका,

हे पत्र भिमाजीकाकांजवळ देतेय. ते आपल्या कंपनीच्या निफाड गाडीचे ड्रायव्हर, तुझ्या दारावरूनच जातात, आणि तुझ्याच हातात द्या असं मी त्यांना बजावलंय. फोनवर तू मला मिळतच नाहीस. फोन लागतो, पण आधी सासूबाई बोलतात, मग बाळ आपल्या भाषेत बोलतं, आणि तू आलीस की "बरी आहे" म्हणून ठेवून देतेस. पोरीला दात आले का? अम्मीने तिच्यासाठी दोन टोपरी शिवली आहेत, तीही सोबत आहेत. एवढा भडक लाल रंग वेदिकाला आवडायचा नाही, असं मी सांगून पाहिलं, पण ती माझं ऐकते थोडीच.

तुझी रजा पुढच्या महिन्यात संपते. जाताना तू ट्रेनिंग पोर्टलच्या ॲडमिनचे सगळे अधिकार माझ्या नावावर चढवलेस आणि म्हणालीस, मी येईपर्यंत सांभाळ, मग माझं मला परत दे. तेव्हा मागे काय काय झालं ते आधी सांगते.

पहिल्याच आठवड्यात मी गोंधळ घातला. स्टोअरच्या जयरामदादांना नुसतं शिकणाऱ्याचं लॉगिन द्यायचं होतं, मी देऊन बसले शिकवणाऱ्याचा रोल. त्यात धडे बदलता येतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपलं आपणच शोधलं. आग लागल्यास काय करावे, या धड्याच्या पहिल्या पानावर दोन दिवस त्यांच्या नातवाच्या बारशाचा फोटो झळकत होता. तक्रार कुणीच केली नाही, उलट पॅकिंगच्या बायकांनी खाली अभिनंदन लिहिलं. माणूस कितीही भला असो, त्याला कामापुरतीच परवानगी द्यायची, हे तुझं म्हणणं मला तेव्हा पटलं. आता नवं नाव चढवताना मी आधी विचारून घेते की हा शिकणार, शिकवणार की मंजुरी देणार, आणि मगच पुढे जाते.

मग पुण्याहून सोमनाथ सर आले, आपले नवे ट्रेनिंग हेड. माणूस वाईट नाही, स्वतःचा चहा स्वतः जाऊन आणतात, पण त्यांना सगळं सरळ रेषेत लागतं. त्यांनी पोर्टल उघडलं आणि ग्रुपची नावं मोठ्याने वाचली: निफाड गाडी, सिन्नर गाडी, त्र्यंबक गाडी, चालत येणारे. ऑफिसात हशा पिकला. ग्रुप खात्याप्रमाणे करा, असं त्यांनी मला सांगितलं आणि खरं सांगू, तेव्हा मलाही ते बरोबर वाटलं. दिवसभर बसून मी पॅकिंग, मशीन, क्वालिटी, स्टोअर असे ग्रुप पाडले. दिसायला फार सुरेख दिसत होतं.

त्या ग्रुपांचे वर्ग शिफ्ट सुटल्यावर लावले आणि तिथे मी माती खाल्ली. एका पॅकिंगमध्ये तिन्ही गाड्यांची माणसं. निफाडची गाडी सगळ्यांत आधी सुटते, त्यामुळे तिची माणसं परीक्षा अर्धी टाकून पळायची. पोर्टलला गाडीचं काय कळणार, ते सगळ्यांना लाल रंगात अपूर्ण दाखवायचं. गोजराबाई इतक्या जुन्या, पण सुरक्षेची परीक्षा अपुरी राहिली म्हणून त्यांना मशीनवरून काढून लेबलं लावायला बसवलं. त्या भांडल्या नाहीत. माझ्या टेबलासमोर येऊन नुसत्या बसून राहिल्या, ते मला जास्त लागलं. मी भिमाजीकाकांना विनवलं की गाडी जरा थांबवत जा. ते म्हणाले, "ताई, मी थांबलो असतो, पन गाडीतल्या बायांची पोरं घरी वाट बघत्यात ना."

मग तुझं जुनं वेळापत्रक काढून बसले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. निफाडची गाडी सकाळी लवकर पोचते, म्हणून त्यांचा वर्ग तू शिफ्टच्या आधी घ्यायचीस. त्र्यंबकवाल्यांची उशिरा सुटते, त्यांचा संध्याकाळी. शिवाय माणसाचं खातं सारखं बदलतं, गाडी मात्र वर्षानुवर्षं तीच राहते. एक माणूस दोन ग्रुपमध्ये ठेवता येतो, तेव्हा खात्यांचे ग्रुप मी सरांच्या रिपोर्टपुरते ठेवले आणि वर्गांसाठी तुझ्या गाड्या परत आणल्या. गोजराबाई सकाळच्या वर्गात पास झाल्या, मशीनवर गेल्या. सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. ही मांडणी वेदिकाची आहे, असं मी तिथल्या तिथे सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बुधवारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "वेदिका काही परत येत नाही आता. तिचं लॉगिन बंद करा आणि ॲडमिनचं काम कायमचं तुम्हीच घ्या." तू त्यांना फोनवर "बघते" म्हणालीस म्हणे, तेवढ्यावरून तू येणार नाहीस असं ते धरून चाललेत. या कामासोबत मला कॉन्ट्रॅक्टवरून कायम करणार आहेत. वेदिका, इतकी वर्षं मी याच एका गोष्टीची वाट बघतेय आणि ऐकल्याबरोबर मला आनंद झाला, तो तुझ्यापासून काय लपवू. फराजला अजून सांगितलेलं नाही. नवरा आहे, तो घे म्हणेल आणि त्याचं चुकणारही नाही. पण तुझं नाव उघडलं, बंद करायचं बटण समोर होतं, आणि माझा हात काही पुढे जाईना. तिने स्वतः लिहून दिल्याशिवाय मी हे करणार नाही, असं मी सरांना सांगितलंय. त्यांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली आहे. तेव्हा खरं काय ते मला कळव. घरचे नको म्हणतायत की तुलाच नकोय? तुलाच नको असेल तर मी रडेन, बटण दाबेन आणि तुझी जागा घेईन. पण यायचं असेल तर बघते-बिघते काही नको, रुजू होतेय असा एका ओळीचा अर्ज सहीनिशी लिही आणि त्याचा फोटो मला पाठव. सरांच्या टेबलावर तो मीच नेऊन ठेवेन, आणि मला कायम करायचं की नाही ते त्यांनी त्यानंतर ठरवावं.

तुझीच,
शाझिया