शुक्रवारची बटणं

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा प्रभूमध्ये सलाम. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू गुडघ्याबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतंस. म्हणजे एक तर तो पूर्ण बरा झाला असेल किंवा सांगण्यापलीकडे बिघडला असेल, आणि यातलं नक्की काय झालं या विचाराने मला अन्न गोड लागत नाही. दाजींचा खोकला थांबला का? माझी तब्येत रविवारी सकाळपर्यंत उत्तम होती. रविवारी चर्चमध्ये उपासनेत मला जो धक्का बसला, त्याने हातपाय गार पडले ते अजून ऊन झालेले नाहीत. पुढचं खुर्चीत बसून वाच. (पाठ असलेल्या खुर्चीत. स्टुलावर बसून वाचू नकोस.)

तुला मी कळवलंच होतं की विद्यापीठात शिकणारी काही मुलं आमच्या मंडळीत येतात, घरापासून लांब वसतिगृहात राहतात, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी पाळकसाहेब त्यांना माझ्याकडे पाठवतात. विश्वासात कसं वाढायचं आणि रोजचं जगणं कसं निभवायचं, हे कुणा वडीलधाऱ्याने त्यांना दाखवावं, असा त्यामागचा हेतू (असं मी समजत होतो). त्यावर तू लिहिलंस की शाळा अर्धवट सोडलेला माणूस विद्यापीठाला काय शिकवणार. ते मला फार लागलं. खरंही वाटलं, म्हणून जास्तच लागलं. तेव्हा मी मुलांना माझा धंदा सांगितलाच नाही. ‘कापडाच्या व्यवसायात होतो’ एवढंच म्हणालो. शिलाई मशीनवर पायापर्यंत लोंबणारी जाड चादर टाकली, वर पवित्र शास्त्र ठेवलं, झालं टेबल. (पायडलला कुणाचा पाय लागला की शास्त्राखालून घरघर ऐकू येते. तेव्हा मी जोरात खोकतो.)

तिघं येतात. एक मुलगी कायदा शिकते, तिला मी वकिलीणबाई म्हणतो. एक मुलगा पूल बांधायचं शिकतो आणि माझ्या दारातून वाकून आत येतो, तो जिराफ. तिसरा काय शिकतो ते कळायला मार्ग नाही, कारण तो बोलत नाही. त्याला आम्ही मुका म्हणतो. (मुका नाही तो. प्रार्थना संपली की आमेन म्हणतो.) ताई, या मुलांचं अज्ञान पाहून मी हादरलो होतो. जिराफ उद्या नदीवर पूल घालणार, आणि त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही! सुई अशी धरतो की जणू नळ दुरुस्त करायला बसलाय. मग मी माझाच शर्ट सरावाला दिला. वकिलीणबाई कांदा सालासकट चिरायची. तिला शेजारी उभं राहून सूचना देत देत माझ्या रात्रीच्या जेवणाचा स्वयंपाक करायला लावला. शास्त्रातला अध्याय आळीपाळीने वाचायला लावला आणि मी डोळे मिटून ऐकलं, म्हणजे मन इकडेतिकडे जात नाही. शेवटी अनुभवाचे चार शब्द सांगायचो. ओले मोजे का घालू नयेत, मैत्री करताना माणूस कसा पारखावा, असं सगळं. मुलं मधे एकदाही बोलली नाहीत. एकदा तर जिराफाने माझा हात हातात घेतला. इतकी आज्ञाधारक मुलं या काळात असतात हे पाहून मी प्रभूचे आभार मानले. ही गेल्यापासून शुक्रवार हा एकच वार उरला आहे की ज्या दिवशी मी दोनदा केस विंचरतो.

तर रविवारी उपासनेत साक्षी होत्या. प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते ज्याने त्याने उभं राहून सांगायचं. मी पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं की मीही बोलणार. प्रभूने माझ्या हातून तीन लेकरांना कसं वळण लावलं, हे मी आरशासमोर पाठ केलं होतं. पण माझ्या आधी वकिलीणबाई उठली. म्हणाली, आमच्यावर एका एकट्या आजोबांची सेवा सोपवली आहे. मला कौतुक वाटलं. कोण बिचारा म्हातारा म्हणून मी मान वळवून बघू लागलो. (अगदी मागच्या बाकापर्यंत बघितलं.) मग ती म्हणाली की आजोबांना सुई दिसत नाही, म्हणून आम्ही त्यांची बटणं लावून देतो. स्वयंपाक जमत नाही, म्हणून तो करून देतो. अक्षर लागत नाही, म्हणून शास्त्र वाचून दाखवतो. ते मधेच झोपतात, पण आम्ही थांबत नाही. मग ते मोज्यांची गोष्ट सांगतात, तीच दर वेळी, आणि आम्ही पहिल्यांदा ऐकतोय असं ऐकतो, कारण म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी ऐकणारं लागतं. आता त्यांच्यात खूपच सुधारणा आहे, केसही विंचरतात. मंडळी हालेलुया म्हणाली. मागच्या बाकावरच्या बाईंनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

आणि ताई, पुढची साक्ष माझी होती.

मी पुढे गेलो. पाय कसे गेले ते पायांनाच माहीत. खरं सांगावं, तर चारचौघांत तीन लेकरांची मान खाली जाणार. शिवाय ज्याला स्वतःची बटणं लावता येतात, त्याच्याकडे शुक्रवारी कुणी कशाला येईल? पाठ केलेलं सगळं विसरलो. तिघं पहिल्याच बाकावर माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “पोरं म्हणाली ते खरं आहे. एका शर्टाचं बटण अजून राहिलंय.” आणि येऊन बसलो. लोक हसले, वकिलीणबाई रडली.

नंतर मी पाळकसाहेबांना दारात गाठलं. ते निवांत चहा पीत होते. मुलांना काय सांगितलं होतंत, असं विचारल्यावर म्हणाले, “जे तुम्हाला सांगितलं तेच. आठवड्यातून एकदा भेटा आणि जरा लक्ष ठेवा.” दोन्हीकडच्यांनी इतक्या गंभीरपणे मान डोलावली की त्यांना पुढे काही बोलवेना म्हणे. देवाच्या माणसाने असं करावं? आणि वर मलाच बिस्कीट दिलं! मी ते तिथेच खाल्लं, इतका सुन्न झालो होतो.

तू हसत असशील. हसू नकोस, गुडघ्याला हिसका बसेल. दाजींना सलाम.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. महिनाअखेरीला तू येशील तेव्हा शुक्रवारी मुलं असतील. कृपा करून टेबलावरची चादर उचलू नकोस, आणि तुझ्या लग्नाचे कपडे कुणी शिवले ते सांगू नकोस. विचारलंच तर सांग की हा लहानपणापासून धांदरट. (न विचारता तू ते सांगतच आली आहेस.)

आणखी एक. घरात जे काही उसवलेलं, फाटलेलं असेल ते सगळं घेऊन ये. दाजींचेही शर्ट आण. माझे संपत आले. परवा चांगल्या शर्टाची दोन बटणं मी कात्रीने कापली.

पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. काल शुक्रवार होता, तिघंही आली. जिराफ आणि वकिलीणबाई आत भाजीवर वाद घालत होती, म्हणून शर्ट मुक्याने घेतला. धाग्याची टोकं बघितली, माझी बोटं बघितली. मग बटण लावलं, मुळाशी धाग्याचे वेढे देऊन, घट्ट. असं बटण हातात कला असल्याशिवाय लागत नाही. तो हळूच म्हणाला, “आमचे वडील शिंपी आहेत. त्या दोघांना सांगू नका.” मग चादरीखाली पाय सरकवून त्याने पायडल जरासं दाबलं आणि म्हणाला, “आजोबा, तेल घाला हिला. नुसतं खोकून किती दिवस भागवणार?”

येताना मशीनचं तेल आण.