सोबतचे नातेवाईक

मुंबई
१२ जुलै १९९९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

एकदाची जागा मिळाली! आमच्या पदाचं नाव निवासी डॉक्टर, पण हॉस्टेलच्या यादीत माझा नंबर चाळिसावा. दीड महिना मी ओपीडीतल्या तपासायच्या टेबलावर झोपत होते आणि पेशंट यायच्या आत अंथरूण कपाटात कोंबत होते. बाहेर खोली बघायला गेलं की डिपॉझिट ऐकूनच परत फिरायचं. कुठे जमेलसं वाटलं, तर एकटी मुलगी, ड्यूटीवरून कधीही येणार, म्हणून नकार.

आता दादरला नलूकाकूंकडे कॉट मिळाली आहे. खोली नाही हं, नुसती कॉट. एका खोलीत आम्ही चौघी. कॉटखाली ट्रंक मावते, पुस्तकांना फळीसुद्धा नाही. पण काकू मायाळू आहेत, उशीर झाला तर माझा चहा झाकून ठेवतात.

एक सांगते, रागावू नकोस. काकूंच्या घरात मासे-मटण चालत नाही आणि खाणारी मुलगीही चालत नाही. घरी काय करतात असं त्यांनी विचारलं तेव्हा मी धानाची शेती म्हटलं. मासे खाता का विचारलं, तर नाही म्हटलं. मी, मुखरू ढिवराची मुलगी! पाठ केल्यासारखं तोंडातून निघून गेलं. त्या वेळी मला ते टेबल दिसत होतं रे. तर या खेपेला वाळलेले झिंगे पाठवू नकोस. आणि मच्छीमार संस्थेच्या छापील पाकिटातून पत्रही नको, टपाल काकूच घेतात. साधं अंतर्देशीय बरं.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
रीता

बोडीटोला, ता. मूल
२३ जुलै १९९९

चि. रीतास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे बघ, मुद्दाम मूलला जाऊन अंतर्देशीय आणलं. संस्थेचा सेक्रेटरी असून संस्थेचं पाकीट वापरायची चोरी, अशी वेळ आजवर कोणावर आली नसेल. गंमत करतो आहे, पण पूर्ण गंमत नाही. तू नववीत पहिली आलीस तेव्हा बाबांनी वर्गभर झिंग्यांची चटणी वाटली होती, ते आठवलं.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे मी बाबांना वाचून दाखवलं. काकूंना काय सांगितलंस तो भाग गाळला. बाबांनी कॉट आणि फळी एवढंच ऐकलं. तेव्हापासून जाळ्याचा दोरा घेऊन बसले आहेत, तुझ्या पुस्तकांसाठी कॉटवर टांगायची झोळी विणत आहेत. त्यांचा गुडघा पावसाळ्यात फार धरतो, पण पाण्यात जाणं सोडत नाहीत. माही पोरगी कुठी निजते थे मले पाहाचं हाये, असं रोज चाललं आहे. पुढच्या आठवड्यात धान रोवून झाला की मी त्यांना नागपूरहून गाडीत बसवून देणार. झिंगे बांधू देणार नाही, काळजी करू नकोस.

तब्येत सांभाळ. आमची माया आहेच, तुझीही असू दे.

तुझा
खुशाल

मुंबई
११ ऑगस्ट १९९९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा सोमवारी बाबा आले आणि गेले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नसेल, म्हणून मीच लिहिते. लिहिताना लाज वाटते.

मी ड्यूटीला निघतच होते. काकूंनी दार उघडलं आणि हे कोण म्हणून मला विचारलं. बाबांच्या काखेत ती झोळी होती, निळ्या दोऱ्याची, कोणीही ओळखेल असं जाळं. मी म्हटलं, आमच्या गावाकडचे पेशंट आहेत, दाखवायला आलेत. दादा, बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग काकूंना हात जोडून म्हणाले की हो बाई, गुडघा लय दुखते, डाक्टरीणबाईले दाखवाले आलो. मला डॉक्टरीणबाई म्हणाले. कॉट त्यांनी पाहिलीच नाही, उंबऱ्यावरूनच वळले.

मी त्यांना दुपारपर्यंत हॉस्पिटलच्या गेटपाशी बसायला सांगितलं. तास-दीड तासाने पाहते तर ते ओपीडीच्या रांगेत, हातात केसपेपर. जवळ जाऊन हळूच विचारलं, काऊन आले बाबा? तर म्हणाले, तुही गोष्ट खोटी पडू नाई म्हणून.

त्यांचा नंबर माझ्याच टेबलावर आला. आमचे वरिष्ठ सर शेजारी बसले होते. केसपेपरचे रकाने मीच भरते. नाव, वय. धंद्यापुढे मासेमारी लिहिलं, तेवढं तरी लिहिलं. मग आलं सोबतचे नातेवाईक. मी पेन धरून थांबले. तेव्हा बाबाच म्हणाले की कोणी नाई, लिहा. मला, लिहा. आणि मी लिहिलं.

गुडघा नीट तपासला, गोळ्या दिल्या. दुपारी गेटवर गेले तर ते गाडीला निघून गेले होते, झोळी वॉचमनजवळ ठेवून.

काकूंना अजून सांगितलेलं नाही. सांगायचं मनात आलं की आधी टेबल आठवतं आणि मग बाबा. मी अशी कशी झाले, दादा? बाबा काय म्हणाले ते कळव. काहीच म्हणाले नसतील तर तेही कळव.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागते.

तुझी
रीता

बोडीटोला
२४ ऑगस्ट १९९९

चि. रीतास,
आशीर्वाद. वि. वि.

बाबा सुखरूप पोचले. दारातली गोष्ट मला तुझ्या पत्रातूनच कळली. मी इतका चिडलो की दोन पत्रं लिहिली आणि फाडली.

ते गप्प नव्हते, उलट फार बोलत होते. केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून तलावाच्या पाळीवर नेला आणि सगळ्यांना दाखवला. माह्या पोरीनं तपासलं, तिच्या हातचं अक्षर हाये, म्हणून सांगत फिरले. कोलूकाकाने तर मीही गुडघा दुखवून घेतो म्हटलं.

काल संध्याकाळी पाच-सहा जण घरी बसले होते, तेव्हा बाबांनी तो कागद मला मोठ्याने वाचायला लावला. नाव वाचलं, वय वाचलं, धंदा वाचला. सोबतचे नातेवाईक या रकान्यापुढे तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, कोणी नाही. मी वाचलं, मुलगी.

बाबांना वाचता येत नाही, पण तिथे काय लिहिलं आहे ते त्यांना ठाऊकच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, आखीन एकडाव वाच.

मी वाचलं. तुला याहून जास्त काही लिहीत नाही.

खुशाल

मुंबई
२ सप्टेंबर १९९९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दादा, हे पत्र बाबांना काहीही न गाळता वाचून दाखव.

बाबा, काल मी नलूकाकूंना सांगितलं की त्या दिवशी आले ते माझे वडील, आम्ही ढिवर, आणि मासे मी आवडीने खाते. त्या रागावल्या. मासे खाण्यापेक्षा खोटं बोलल्याचा राग जास्त होता. महिनाअखेरपर्यंत कॉट माझी आहे. पुढचं ठरलेलं नाही, कदाचित पुन्हा टेबल. झोळी टांगली आहे, सगळी पुस्तकं मावली. जिथे जाईन तिथे ती येईल. यापुढची पत्रं हॉस्पिटलच्या पत्त्यावर, संस्थेच्या छापील पाकिटातून पाठवा.

पुढच्या महिन्यात गुडघा पुन्हा दाखवायला या आणि केसपेपर न विसरता आणा. माझ्या हातून त्यात एक रकाना चुकला आहे. आमच्याकडे चूक झाली तर ती खोडून शेजारी बरोबर लिहायचं असतं आणि डॉक्टरने त्यावर सही करायची असते. मला ती सरांच्या समोर करायची आहे.

तुमची मुलगी
रीता