दुसऱ्याच्या काचेखालचे घड्याळ

मी, ज्याला सारा बाजार 'धाकटा' म्हणून ओळखतो, वय वर्षे एकाहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, माझ्या मागे काय कोणाचे व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. कोणी धाक घातलेला नाही की गोडीगुलाबीने वळवलेले नाही. मन ठिकाणावर आहे. पुरावा हवा असल्यास, आज सकाळी दुकानातली सातही लंबकाची घड्याळे एका ठोक्यावर आणली आणि मगच लिहायला बसलो. हृदय मात्र दुरुस्तीपलीकडे गेले आहे असे डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि एका कारागिराने दुसऱ्याच्या निदानावर वाद घालू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

एक. राहत्या घराच्या दोन खोल्या, बँकेतील शिल्लक व दुकानातील माझा निम्मा वाटा माझ्या एकुलत्या एक मुलीला. स्वयंपाकघराची खिडकी अडकते, ती डाव्या बाजूने वर उचलावी. तिची आई तीस वर्षे ती नीट करायला सांगत होती आणि मी तीस वर्षे "रविवारी बघतो" म्हणत होतो. तेवढे एक काम राहिले.

दोन. माझी शिडी मेहुण्याला. ती चौदा वर्षे त्याच्याकडेच आहे. परत मागितली की "कुठली शिडी?" म्हणून मलाच विचारतो. एरवी या कलमात मी त्याची चांगली हजेरी घेतली असती, पण पुढचे कलम लिहायचे ठरवल्यापासून कोणाची हजेरी घ्यायला मला तोंड राहिलेले नाही. शिडी त्याने सुखाने वापरावी. खालून तिसरी पायरी सैल आहे.

तीन. या कलमात देण्यासारखे काही नाही, कबूल करण्यासारखे आहे. पहिल्या साक्षीदाराने ते वाचल्याखेरीज सही करू नये.

पहिला साक्षीदार म्हणजे माझा भागीदार, बाजाराचा 'थोरला'. आम्ही भाऊ नव्हे. तो यहुदी, मी ख्रिस्ती. तो शनिवारी कामाला बसत नाही, मी रविवारी, त्यामुळे अडतीस वर्षांत दुकान कधी बंद राहिले नाही. आमचा एकच नियम होता. जे काम ज्याच्या टेबलावर, ज्याच्या काचेच्या झाकणाखाली, ते त्याचे. दुसऱ्याने तिथे बोट लावायचे नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका शिक्षिकेने वडिलांचे खिशातले घड्याळ आणले. मी म्हणालो, हे होणार नाही. थोरला म्हणाला, बघू. सहासष्टाव्या वर्षीही त्याचा हात असा होता की चिमट्यात धरलेली वस्तू जिवंत आहे की काय वाटावे. तीन दिवसांत ते घड्याळ चालू लागले. तो जेवायला घरी गेला आणि मी काच उचलली. हेवा, दुसरे काही नाही. त्याने केले ते कसे केले हे पाहायला चिमटा लावला आणि तोलचक्राचा, म्हणजे घड्याळाचा ठेका राखणाऱ्या चाकाचा, केसाएवढा आस मोडला. मी काच होती तशी ठेवून माझ्या जागी येऊन बसलो.

तो आला, भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "धाकट्या, काच ठेवताना माझ्याच हातून गेलं असणार. मला कळलंसुद्धा नाही. हात गेला रे माझा."

माझा संशय त्याच्या मनात येणेच शक्य नव्हते, कारण नियम होता. मी म्हणालो, "असू दे दादा, वय होतं." हे वाक्य मी उच्चारले, ते इथे नोंदवून ठेवतो. त्या दिवसापासून त्याने नाजूक कामाला हात लावला नाही. अकरा वर्षे तो गल्ल्यापाशी बसून पावत्या लिहितो आणि पट्टे बदलतो.

मी पाद्रीबुवांकडे जाऊन कबुली दिली. ते म्हणाले, तारणाऱ्याने तुझे पाप आपल्या अंगावर घेतले आहे, ते तुला कमवावे लागत नाही, तुला क्षमा आहे. आणि मग म्हणाले, आता जाऊन त्या माणसाला सांग. मी पहिले ऐकून गुडघ्यांवरून उठलो. दुसरे ऐकले नाही असे स्वतःला पटवले. यात पाद्रीबुवांचा किंवा माझ्या धर्माचा दोष नाही. औषधाची अर्धी बाटली पिऊन वैद्याला नावे ठेवावीत तसला मी.

थोरल्याकडे दरवर्षी प्रायश्चित्ताचा उपवास असतो. त्याच्या आदल्या दिवशी तो माझ्यासमोर उभा राहतो आणि वर्षभरात कळत नकळत जे दुखावले असेल त्याची माफी मागतो. मी एकदा विचारले, "उपवास करतोस, देव माफ करतो, मग माझ्याकडे कशाला?" तो म्हणाला, "देवाचा केलेला अपराध देव माफ करतो. तुझा केलेला तो कसा माफ करेल? त्याला तो हक्कच नाही. तुझ्याकडेच यावं लागतं. नाही म्हणालास तर पुन्हा, आणि पुन्हा. तीनदा."

"आणि ज्याला दुखावलं तो मेला तर?"

"तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि सगळ्यांसमोर बोलायचं."

"आणि मागणाराच मेला तर?"

तो हसला. "मग माफ केलं म्हणून सांगायचं कोणाला?"

माझ्या मरणानंतर हे वाचले जाईल आणि मी सुटेन, हा माझा बेत त्या उत्तराने मोडला. म्हणून त्याला जिवंतपणी साक्षीला बसवीत आहे.

पण सर्वांत वाईट ते अजून लिहिलेले नाही. घड्याळ मोडले त्या वर्षीच्या उपवासाआधी त्याने नाव घेऊन माफी मागितली ती त्या घड्याळाची. "माझ्यामुळे दुकानाला कमीपणा आला," म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. आणि मी म्हणालो, "माफ केलं, दादा." माझ्या पापाची मी त्याला माफी दिली. त्यानंतर मला चर्चमध्ये मान वर करून बसता आलेले नाही.

दादा, तुझा हात कधीच गेला नव्हता.

चार. नाजूक काम सोडताना थोरल्याने आपले चिमटे, बारीक पेचकस आणि भिंग मला दिले होते. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. बरोबरच आहे. ही हत्यारे मी देत नाही. ती त्याचीच आहेत आणि माझ्या मरणाची वाट न पाहता परत जायची आहेत.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो खरा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली. मंगळवार, दुपारचे चार, सातही घड्याळांप्रमाणे.

(सही) धाकटा

साक्षीदार दुसरी: शेजारची शिंपीणबाई. मी मजकूर वाचला नाही. धाकट्यांनी माझ्यासमोर सही केली. थोरल्यांनी मधले पान दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि मग लिहायला घेतले. त्यांचा हात कापत नव्हता.

साक्षीदार पहिला: वाचले. माझी सही याच्या सहीला साक्ष म्हणून आहे, माफी म्हणून नव्हे. कागदावर मागितलेली माफी मी धरीत नाही. समोर उभे राहून तोंडाने मागायची असते. उपवासाला सहा दिवस आहेत. उद्या ये. मी बहुधा नाही म्हणेन. परवा पुन्हा ये. येताना माझे भिंग घेऊन ये.

(सही) थोरला